बटण दाबा, थांबा, मग बोला



पावसाळ्याआधीच्या बैठकांमध्ये डोंगराकडच्या ग्रामसंघांतून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "आमच्याकडं मोबाईलला रेंज नाही. पोलिसांच्या खांद्याला असतो तसला वॉकीटॉकी गटाच्या पैशातून घेता येईल का?" कुणाला रात्री शेतावर राखणीला जाणाऱ्यांची काळजी, कुणाला ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या गरोदर सुनेची. प्रश्न रास्त आहे. पण पैसा गटाचा आहे, आणि ज्या रात्रीसाठी वस्तू घेतली त्याच रात्री ती मुकी बसली तर पैशापेक्षा मोठं नुकसान व्हायचं. म्हणून या वेळचा पाठ वॉकीटॉकीवर, आणि त्याच्याच भावकीतल्या स्कॅनर नावाच्या यंत्रावर. बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी मध्येच थांबवून विचारावं.

एकतर्फी आणि दुतर्फी

घरातला रेडिओ सगळ्यांनी पाहिलाय. आकाशवाणीचा मनोरा बोलतो, आपण ऐकतो. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे बायांच्या पुढाकारानं चालणारं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, तेही असंच: केंद्रातून आवाज निघतो आणि गावोगावच्या रेडिओत पोचतो. ऐकणारीला त्याच रेडिओतून उलट बोलता येत नाही. त्याला कान आहेत, तोंड नाही.

वॉकीटॉकीला दोन्ही आहेत, पण एका वेळी एकच चालतं. बाजूला एक मोठं बटण असतं. ते दाबलं की संच बोलतो आणि त्याचे कान बंद होतात. सोडलं की ऐकतो. तुम्ही बटण दाबून बोलत असताना समोरची "अगं थांब, थांब" असं कितीही ओरडली तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. पोलीस प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणतात ते ऐटीसाठी नव्हे. 'माझं झालं, आता तू बोल' एवढाच त्याचा अर्थ. आपण 'बोला' म्हटलं तरी चालतं, फक्त गावात सगळ्यांनी एकच शब्द ठरवावा.

आणि मोबाईल? मोबाईल हासुद्धा रेडिओच आहे, पण तो समोरच्याशी थेट बोलत नाही. तो टॉवरशी बोलतो, टॉवर पुढं निरोप पोचवतो. पुरात वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तासांत संपते, मग तुमच्या हातातला फोन पूर्ण चार्ज असून उपयोग नाही. पंढरपूरला आषाढीला फोन लागता लागत नाही तेव्हा टॉवर धड उभा असतो, पण एकाच वेळी लाखो माणसं त्याच्या दारात रांग लावून उभी असतात. त्या गर्दीत पोलिसांचं काम चालतं ते त्यांच्या स्वतःच्या वायरलेसवर. वॉकीटॉकी एका संचातून थेट दुसऱ्या संचात बोलतो. मध्ये टॉवर नाही, रिचार्ज नाही, कंपनी नाही. त्याची ताकद तिथंच आहे आणि अडचणही तिथंच.

आवाज किती लांब जातो

दुकानदार सांगेल, दहा किलोमीटर. खोक्यावरही तसंच छापलेलं असतं. ते खोटं नाही, पण दोन टेकड्यांच्या माथ्यावर दोघी उभ्या असतील आणि मध्ये झाडसुद्धा नसेल तेव्हाचं ते खरं.

वॉकीटॉकीच्या लहरी साधारण उजेडासारख्या सरळ जातात. डोंगर आला की अडतात. सपाट मोकळ्या माळावरही दोघी जमिनीवर उभ्या असतील तर नऊ-दहा किलोमीटरनंतर जमिनीचा फुगवटाच आड येतो, कारण पृथ्वी गोल आहे. मध्ये घरं, आमराई, उभा ऊस आला की लहान संचाचा पल्ला एक-दोन किलोमीटरवर येतो. दाट झाडीत त्याहून कमी.

म्हणून पैसे देण्याआधी एक फुकटची परीक्षा करून बघा. अंधार पडल्यावर एकीनं शाळेच्या गच्चीवर चांगली बॅटरी घेऊन उभं राहायचं. दुसरीनं वस्तीवर जाऊन बघायचं, उजेड दिसतो का. दिसला तर वॉकीटॉकी बहुतेक चालेल. डोंगरामुळं दिसला नाही तर मोठी शंका धरा. लहरी झाडापानांतून उजेडापेक्षा थोड्या बऱ्या पार होतात, पण डोंगरातून नाही.

उंची मात्र जादू करते. जमिनीवर उभ्या बाईची नजर क्षितिजापर्यंत चार-साडेचार किलोमीटर जाते. शंभर मीटर उंच टेकडीवर गेली की तीच नजर पस्तीस किलोमीटरच्या पुढं. पोलीस आणि वनखातं डोंगरावर खांब का रोवतात ते यावरून कळेल. त्या खांबावर 'रिपीटर' असतो. एका लहरीवर ऐकलेलं तो त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर जोरात बोलून दाखवतो. खिंडीत उभ्या बाईनं इकडची हाक तिकडं द्यावी तसं. आपल्याला परवानगीशिवाय रिपीटर बसवता येत नाही, पण खिंडीत बाई उभी करायला कुणाची परवानगी लागत नाही! वस्ती आणि गाव यांच्यामध्ये डोंगराची सोंड असेल तर सोंडेवर ज्यांचं घर आहे त्या ताईंकडं तिसरा संच द्या. त्यांनी इकडचं ऐकून तिकडं शब्दाला शब्द सांगायचं. माझ्या मते डोंगरी गावांत दोन महागड्या संचांपेक्षा तीन साधे संच कधीही चांगले.

कायद्याची बाजू

तुमच्या सासूबाईंना विचारा. एके काळी घरात साधा रेडिओ ठेवायलाही लायसन्स लागायचं आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागायचे. १९८०च्या दशकात ते बंद झालं. पण बोलणाऱ्या रेडिओवरचं बंधन १९३३च्या कायद्यापासून आजवर चालत आलंय आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यातही आहे. परवानगी किंवा सूट नसलेला संच वापरणं सोडा, नुसता जवळ बाळगणंही चालत नाही. संच जप्त होतो, दंड होतो.

सूट कशाला आहे ते नीट लक्षात ठेवा. प्रत्येक लहरीला तिचा आकडा असतो, एका सेकंदात ती किती हेलकावे घेते त्याचा. दहा लाख हेलकावे म्हणजे एक मेगाहर्ट्झ. २०१८च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्या चिंचोळ्या पट्टीत कमी ताकदीचे वॉकीटॉकी लायसन्सशिवाय वापरता येतात. या पट्टीचे संच साधारण अर्ध्या वॅटचे असतात. आपला शून्याचा बल्ब पंधरा वॅटचा धरला तर त्याच्या तिसाव्या भागाएवढी ताकद. त्या पट्टीत सोळा चॅनेल बसतात, काही संचांवर आठच असतात. शिवाय त्या मॉडेलला सरकारची 'ईटीए' मंजुरी असली पाहिजे. विकणाऱ्याकडं तो क्रमांक मागा. नाही म्हणाला तर दुकानातून खाली उतरा.

खरी गोम स्वस्तातल्या ऑनलाइन संचांची आहे. चित्रात दणकट दिसतो, पाच वॅट लिहिलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरात '१३६ ते १७४' आणि '४०० ते ५२०' असे आकडे असतात. बायांना वाटतं, जास्त आकडे म्हणजे जास्त माल. पण त्या आकड्यांच्या आत इतर खात्यांच्या लहरी येतात, आणि समुद्रावरच्या बोटींचा चॅनेल १६ही येतो, १५६.८ मेगाहर्ट्झचा. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या आपल्या कोळी मैत्रिणींना हा चॅनेल माहीत असेल. बोट बुडायला लागली, आग लागली, की तांडेल याच चॅनेलवर तीन वेळा 'मेडे' पुकारतो. आसपासची बोट ऐकते, तटरक्षक दल ऐकतं. किनाऱ्यावरच्या एखाद्या घरात असला संच पोराच्या हातात खेळणं म्हणून पडला आणि तो बटण दाबून बसला, तर त्या वेळेपुरती ती हाक दबून जाऊ शकते. कायदा कडक का, त्याचं कारण हे. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्याही याचसाठी, पण माल अजून नजरेस पडू शकतो. तेव्हा 'वेबसाईटवर होता म्हणजे चालतच असेल' असं धरू नका. (समुद्रावर गेलेल्या माणसाची काळजी असेल तर किनाऱ्यावरून तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फुकट लागतो.)

अर्ध्या वॅटपेक्षा जास्त ताकद खरोखरच हवी असेल तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेकडून लायसन्स घ्यावं लागतं. गटासाठी ते खर्चाचं आणि खेट्यांचं काम आहे. त्याऐवजी तहसील कार्यालयाच्या आपत्ती कक्षात ग्रामसंघाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि विचारा, आमच्या गावाला सगळ्यात जवळचा सरकारी वायरलेस कुठं आहे? पोलीस चौकी असेल, वनखात्याचा नाका असेल. रस्ता बंद झाला तर तिथवर कोण चालत जाणार, हे दोन नावांसकट आधीच ठरवून ठेवा.

स्कॅनर म्हणजे काय, आणि आपल्याला त्याच्याशी काय करायचंय

रेडिओचा काटा आपण हातानं फिरवतो. स्कॅनर हा स्वतःच काटा फिरवत बसणारा रेडिओ. सेकंदात कित्येक लहरी चाचपतो. जिथं कुणी बोलताना सापडलं तिथं थांबतो, त्यांचं बोलणं संपलं की पुढं. त्याला तोंड नाही, नुसते कान, पण फार तिखट कान. अमेरिकेत अनेक ठिकाणी लोक हौसेनं घरी बसून अग्निशमन दलाचं बोलणं ऐकतात. आपल्याकडं ही हौस चालत नाही. पोलिसांचं किंवा कुठल्याही खात्याचं आपल्यासाठी नसलेलं बोलणं ऐकणं हा गुन्हा आहे. त्यातही बऱ्याच यंत्रणा आता डिजिटल झाल्यात, बोलणं कुलूपबंद करून पाठवतात, ऐकणाऱ्याला नुसती खरखर येते.

मग हा पाठ कशाला? कारण तुमच्या संचाला असलं कुलूप बहुधा नसणार. तुम्ही जे बोलाल ते तुमच्या चॅनेलवर असलेला कुणीही ऐकू शकतो. लग्नातल्या मांडवाची माणसं, रस्त्याच्या कामावरचे मुकादम, हॉटेलचे राखणदार, सगळे याच पट्टीत असतात. स्कॅनरवाल्याला तर चॅनेल माहीत असायचीही गरज नाही.

इथं एक फसगत नेहमी होते. संचावर 'प्रायव्हसी कोड' असतो. बायांना वाटतं, कोड लावला म्हणजे आपलं बोलणं खाजगी. तसं नाही. कोड लावला की फक्त तुमचा संच इतरांचं बोलणं कानाआड करतो. इतरांना तुमचं सगळं ऐकू येतंच. दार तुम्ही आपल्या बाजूनं लोटलंय, त्यांची खिडकी उघडीच आहे.

म्हणून काही गोष्टी वॉकीटॉकीवर बोलायच्याच नाहीत. "रोकड घेऊन बँकेत निघालोय." "वस्तीवर मी एकटीच आहे, मालक परगावी गेलेत." "कपाटाची किल्ली अमक्याकडं आहे." कुणाच्या घरातलं भांडण, कुणाचं आजारपण नावानिशी. चोराला स्कॅनर विकत घ्यायची गरज नाही, त्याच्या हातात तसलाच एक स्वस्त वॉकीटॉकी असला तरी पुरे. बचतीच्या वसुलीच्या दिवशी तर संचावर पैशाचा शब्दही नको. निरोप द्यायचाच असेल तर आधी ठरवलेला साधा शब्द वापरा, "पीठ दळून झालं" असला काहीतरी.

तुमच्या वॉकीटॉकीवरही कधीकधी 'स्कॅन' असं बटण असतं. ते लावलं की संच सगळे चॅनेल चाचपत बसतो. एरवी कोण कुठं बोलतंय ते कळायला बरं आहे. पण कामाच्या वेळी बंदच ठेवा. संच कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीवर अडकून बसतो आणि तुमच्या वस्तीची हाक निघून जाते.

हाच उघडेपणा संकटात मात्र उपकारी ठरतो. फोनवर हाक एकालाच जाते, त्यानं उचलला नाही तर संपलं. रेडिओवर ती जो ऐकेल त्याला जाते. २००४च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद नावाच्या एक हॅम रेडिओ चालक दिल्लीहून आपल्या चमूसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, लायसन्स घेऊन हौसेनं रेडिओ चालवणारे. बऱ्याच वर्षांनी त्या बेटांवरून हॅम रेडिओला परवानगी मिळाली होती, म्हणून जगभरच्या हॅमशी बोलण्यासाठी त्यांनी हॉटेलातच आपलं केंद्र उभारलं होतं. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. नेहमीचे फोन पडले. बाईंनी हौसेचं काम थांबवलं आणि त्याच रेडिओवरून निरोप पोचवायला सुरुवात केली: कोण सुखरूप आहे, कुणाला काय हवंय. मुख्य भूमीवर नातेवाईक वाट बघत होते, त्यांच्यापर्यंत खबर या वाटेनं गेली. २००१च्या भुजच्या भूकंपातही हॅम मंडळींनी असंच काम केलं होतं. हॅमची परीक्षा १२ वर्षं पूर्ण झालेली मुलगीही देऊ शकते, त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. मात्र त्या रेडिओवर धंद्याचं बोलणं चालत नाही, तेव्हा पापडाच्या ऑर्डरी घ्यायला तो उपयोगी नाही. गावातल्या एखाद्या विज्ञानाची आवड असलेल्या पोरीच्या कानावर मात्र जरूर घाला.

बोलायचं कसं

सगळ्यात जास्त चूक पहिल्याच सेकंदाला होते. बटण दाबता दाबताच आपण बोलायला लागतो, आणि संच जागा होईपर्यंत पहिला शब्द कापला जातो. आता विचार करा. तुम्ही म्हणालात, "नका येऊ, पाणी चढलंय." तिकडं पोचलं, "...येऊ, पाणी चढलंय." आपल्या भाषेत 'नका' हा शब्द असा पहिला आला की धोका. बटण दाबा, मनात एक म्हणा, मग बोला. आणि निरोपच असा बांधा की एक शब्द गळला तरी अर्थ फिरू नये: "वस्तीवरून बोलतेय. पूल बंद. पूल बंद. गावातच थांबा."

आकड्यांचंही तसंच. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी खरखरीत सारखेच ऐकू येतात. सात आणि साठसुद्धा. म्हणून आकडे सुटे सांगायचे: पाच, नऊ. ऐकणारीनं ते परत म्हणून दाखवायचं. परत म्हटलं नाही तर निरोप पोचला नाही असं समजायचं.

आधी समोरचीला हाक, मग स्वतःचं नाव: "शाळा, शाळा, मी वस्ती." दोघी एकदम बोलल्या तर कुणाचंच कळत नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाचं चाललं असेल तर थांबा. घरात आजारी माणूस असेल, पाणी शिरलं असेल, तर मध्येच "तातडीचं" एवढंच म्हणा आणि बटण सोडा. बाकीच्यांनी गप्प व्हायचं.

संच कमरेला खोचून बोलू नका, अंग मध्ये आलं की आवाज अडतो. तोंडापासून चार बोटं लांब, उभा धरा. पावसात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून बोललं तरी चालतं, लहरींना प्लॅस्टिक आडवं येत नाही. चार्जिंगची पाळी वहीत लिहा, दळणाची लिहितो तशी.

पुढच्या बैठकीत

संच घ्यायच्या आधी हा खेळ करून बघा. पाच जणींच्या हातात रिकाम्या काडेपेट्या द्या आणि पाठीला पाठ लावून बसवा, म्हणजे तोंडं दिसणार नाहीत. पहिलीनं काडेपेटी दाबून, मनात एक म्हणून निरोप द्यायचा: "वस्ती, वस्ती, मी शाळा. गाडी पाच नऊ नंबरच्या खांबापर्यंत येते. तिथं चालत या. बोला." दुसरीनं परत म्हणायचा, मग तिसरीला, असा पाचवीपर्यंत. जी मध्ये बोलेल ती बाद. पाचव्या बाईपाशी खांबाचा आकडा काय पोचला ते वहीत लिहा आणि वही प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन या.